पानगळीतली तळ्याची वाट: उंच बूट की ट्रेल शूज?

पानगळीत जंगलातून डोंगरातल्या छोट्या तळ्यापर्यंतचा सोपा ट्रेक ठरलाय, पण पायात काय घालावं ते ठरेना, असं एका मैत्रिणीने विचारलं: घोट्याच्या वर येणारे उंच बूट, की ट्रेल शूज, म्हणजे डोंगरवाटांसाठीचे घोट्याखाली राहणारे हलके शूज?

वजनात ट्रेल शूज सरळ जिंकतात. पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा जास्त दमवतं, चढावर ते लगेच जाणवतं.

ग्रिप मात्र बुटाच्या उंचीवर नाही, सोलवर ठरते. ओली पानं निसरडी असतात आणि त्यांच्याखाली मुळं, दगड लपलेले असतात. खोल खाचांचा सोल दोन्ही प्रकारांत मिळतो. आधी तो बघा. घोट्याच्या आधाराचं फार कौतुक होतं, पण मळलेल्या वाटेवर हलकी सॅक असेल तर तो फारसा लागत नाही.

खरा फरक पाण्याचा. तळ्याकाठच्या चिखलात उंच वॉटरप्रूफ बूट पाय कोरडे ठेवतात, मात्र वरून पाणी आत शिरलं की वाळता वाळत नाहीत. जाळीच्या कापडाचे ट्रेल शूज पटकन भिजतात, पटकन वाळतात. गारठ्यात त्यांच्यासोबत लोकरी मोजे हवेतच.

टिकण्यात चामड्याचे बूट पुढे.

कोरडी हवा, मळलेली वाट असेल तर ट्रेल शूज घ्या. नुकताच पाऊस झालाय किंवा घोटा पूर्वी मुरगळलाय, तर उंच बूट.