गोफम्ट: कंसाच्या भांडणावर जालीम उपाय

गो ही प्रोग्रामिंग भाषा इन्स्टॉल केली की कोडची मांडणी नीट करून देणारं गोफम्ट सोबतच येतं, तेही फुकट. महिरपी कंस त्याच ओळीत उघडायचा की खालच्या, यावर जावावाले नि सी शार्पवाले कितीही तंडू देत, इथे सेटिंगच ठेवलेलं नाही, विषय कट! पण फंक्शनचा कंस खाली टाकलात तर हा बाबा तो वर उचलून देत नाही हां, सरळ एरर फेकतो, कारण गोल कंस बंद होऊन ओळ संपली की गो स्वतःच तिथे सेमीकोलन, म्हणजे विधान संपल्याची खूण, धरून चालतं. नवख्याचं डोकंच फिरतं. बाकी एडिटरला जोडून टाका, सेव्ह केलं की टॅब-बिब सगळं चकाचक, कोड रिव्ह्यूतली कटकटही बरीच कमी. मला कंस खालीच आवडतो, तरी पाचपैकी साडेचार.