डॉलर ओपन ठेवावा, फॉरवर्ड घ्यावा की ऑप्शन?

समजा, परदेशातून मागवलेल्या मालाचं 50,000 डॉलरचं बिल आहे, पैसे 90 दिवसांनी द्यायचेत आणि बिलाच्या दिवशी डॉलर 83 ला आहे. देण्याच्या दिवशी तो 85 झाला, तर एक लाख रुपये जादा जातात. पाच टक्के मार्जिनवर काम करणाऱ्याचा जवळपास निम्मा नफा तिथेच संपला.

रुपया सावकाश उतरत गेला तर आयातदार भाव वाढवून निभावून नेतो. गोची होते ती तो कधी हलेल याचा नेम नसतो तेव्हा. 2023 मध्ये तो साधारण 81 ते 83.5 या पट्ट्यातच फिरत होता. कव्हरवर, म्हणजे दर आधीच बांधून घेण्यावर, खर्च करणारे तेव्हा भित्रे वाटायचे. फेब्रुवारी 2025 मध्ये डॉलर 88 च्या उंबऱ्याशी आला, तेव्हा हिशेब उलटला.

आता काय घ्यायचं? ओपन म्हणजे काहीच न करता देण्याच्या दिवशीच्या दराने डॉलर घेणं. फॉरवर्ड म्हणजे बँकेशी आजच दर ठरवून पुढच्या तारखेला डॉलर घ्यायचा करार. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या दराने डॉलर घ्यायचा हक्क, सक्ती नाही. 'रुपया कुठे जाईल' हा प्रश्न मी आधी बाजूला ठेवतो. तुमचा विक्रीचा भाव कधी ठरतो, ते पाहायचं.

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये परदेशी बदाम विकणाऱ्याचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो. डॉलर चढला की सगळ्यांचाच माल महाग येतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत भावही वर सरकतो. त्याने थोडं बिल ओपन ठेवलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. उलट सगळंच्या सगळं कव्हर केलं आणि रुपया सावरला, तर शेजारचा गाळेवाला स्वस्तात विकतो आणि हा महागाचा माल घेऊन बसतो. 28 ऑगस्ट 2013 ला डॉलर 68 च्या वर गेला होता. दीड महिन्यात तो 62 च्या आत आला. घाबरून माथ्यावर बुकिंग केलेल्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

भोसरीत कारखान्यांना आयात स्पेअर पार्ट पुरवणाऱ्याचं गणित वेगळं. पर्चेस ऑर्डरवर रुपयातला भाव सहा महिन्यांसाठी लिहून दिलेला असतो. वाढ मागायला गेलं की पर्चेसवाले ऑर्डरचा कागद पुढे करतात. इथे फॉरवर्ड, आणि तोही ऑर्डर हातात पडली त्याच दिवशी. वार्षिक प्रीमियम, म्हणजे आजच्या दरावर फॉरवर्डसाठी द्यायची भर, 2 टक्के धरला तर 90 दिवसांचे साधारण 41 पैसे, म्हणजे वरच्या बिलावर वीसेक हजार. हा खर्च कोटेशनमध्येच धरायचा. नंतर डॉलर पडला म्हणून हळहळायचं नाही. आपण भाव विकलाय, अंदाज नाही.

फॉरवर्डची खरी डोकेदुखी तारखेची. जहाज लांबलं, कागद अडकले की बुकिंग रद्द करा किंवा रोलओव्हर करा, म्हणजे तारीख पुढे ढकला, आणि दोन्हींत फरकाची रक्कम अंगावर येऊ शकते. म्हणून एकाच तारखेऐवजी महिन्याभराच्या खिडकीचा करार मागा. थोडा महाग पडतो, पण झोप लागते.

ऑप्शन मी एकाच ठिकाणी सुचवतो: टेंडर भरलंय, पण उघडलेलं नाही. काम मिळालं नाही तर फॉरवर्ड गळ्यात पडतो. ऑप्शनमध्ये त्याच्या प्रीमियमपुरतंच, म्हणजे या हक्काच्या किमतीपुरतंच, नुकसान. मात्र हा प्रीमियम आधी रोख मोजावा लागतो आणि लहान रकमेला बँकेचा भाव फारसा चांगला मिळत नाही. एनएसई या शेअर बाजारात ऑप्शनचे 1,000 डॉलरचे लॉट आहेत, पण तिथला हिशेब रुपयांत मिटतो. डॉलर बँकेतूनच घ्यावे लागतात.

तिन्हींत एक भोक राहतंच. कस्टम ड्युटी सरकारने जाहीर केलेल्या विनिमय दरावर लागते, तुमच्या फॉरवर्डच्या दरावर नाही. रुपया उतरला की ड्युटी आणि आयजीएसटीही (आयातीवरचा जीएसटी) फुगतात. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, ड्युटीचं नाही. ती वाढ कोटेशनमध्ये वेगळी धरा.

आणि बँकेला 'रेट काय' एवढंच विचारू नका. स्पॉट (आजचा दर) किती, प्रीमियम किती, बँकेचं मार्जिन किती, असं तोडून विचारा. शेवटच्या आकड्यावर घासाघीस होते.