शोम्लोची युफार्क: आठ महिने, अकरा बाटल्या

युफार्क या हंगेरियन पांढऱ्या वाइनची पहिली बाटली घेतली ती नावापायी. युफार्क म्हणजे मेंढीचं शेपूट. द्राक्षाचा घड तसाच लांबुळका आणि गच्च. बुडापेस्टच्या घरी फ्रिजमधून काढून थेट ग्लासात ओतली. नुसती आंबट, वास जवळजवळ नाहीच. पैसे गेले म्हटलं. उरलेली अर्धी बाटली रात्रभर ओट्यावरच राहिली, दुसऱ्या दिवशी चाखली तर धुरकट वास, पिकलं सफरचंद, घोट उतरल्यावर जिभेवर खारटपणा. तेव्हापासून १२-१३ अंशांच्या खाली नेत नाही, तासभर आधी बूच काढून ठेवतो.

शोम्लो हा पश्चिम हंगेरीच्या सपाटीवरचा एकटा डोंगर, विझलेला ज्वालामुखी, उंची जेमतेम ४३० मीटर. खाली पॅनोनियन नावाच्या, कधीच आटून गेलेल्या जुन्या सरोवराची वाळू आणि चिकणमाती, वर लाव्हाचं टोपण. टोपणाखालची माती वाचली, आजूबाजूची झिजून गेली. मळ्यातल्या बांधांचे काळे दगड पाहून सह्याद्रीच आठवला. दोन्हीकडे बेसाल्ट; आपला साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्यामानाने पोरगा.

‘दगडाची चव वाइनमध्ये उतरते’ हे तिथे प्रत्येक तळघरात ऐकलं. मलाही आधी पटलं होतं. पण मुळं दगडाची चव ओढत नाहीत. पाण्यातले क्षार घेतात, तेही इतके थोडे की जिभेला वेगळे कळू नयेत. काळा दगड दिवसा तापतो आणि रात्री ऊब सोडतो, हे मात्र खरं. दक्षिण उतारावर ऊन जास्त, तिथली वाइन मला भरदार लागली. उत्तरेकडची सडपातळ, धारदार. बाकी आंबटपणा हा युफार्कचा जन्मजात गुण, त्याचं श्रेय डोंगराला नको.

मग एक प्रयोग केला. ओलासरिझलिंग हे द्राक्ष दोन्हीकडे होतं, म्हणून एक बाटली शोम्लोची आणि एक बालाटन तलावाकाठच्या चोपाकची, जिथे लाल वालुकाश्म आणि चुनखडीयुक्त माती आहे. चोपाकची मऊ, शेवटी कडू बदामाची किंचित झाक. शोम्लोची ताठ, धुरकट. झालं सिद्ध, म्हणणार तोच लेबलं वाचली: एक स्टीलच्या टाकीतली, दुसरी जुन्या लाकडी पिंपातली! आता यात माती किती आणि पिंप किती, कसं सांगणार? स्टीलमधली शोम्लो मिळाली तेव्हा खारटपणा तिच्यातही होता, धूर मात्र बराच कमी. माझ्यापुरता हिशोब असा: ताठपणा डोंगराचा, धुराचा मोठा वाटा पिंपाचा.

तक्रारी दोन. एका बाटलीला बुरसट बुचाचा वास होता, दुकानदाराने बदलून दिली नाही. आणि ही वाइन तिखटाला चालत नाही. मिसळीबरोबर घेतली तर दोघींचंही वाटोळं. तलावातला फोगाश मासा नुसत्या मीठ-लोण्यात तळून घ्या, मग बघा.

लग्नाच्या रात्री शोम्लोची वाइन प्यायली की मुलगा होतो, अशी तिथली जुनी समजूत. आम्हाला दोन मुली, त्यामुळे तो मुद्दा तपासायचा राहिला.

कपाटात २०२१ च्या दोन बाटल्या आहेत. मी अजून तीन वर्षं थांबायचं म्हणतोय, बायको दिवाळीचं म्हणते.