पाच मिनिटांत मिळालेले कर्ज, पाच महिने फेडले

आईच्या ऑपरेशनसाठी तातडीने पैसे हवे होते, म्हणून हडपसरला दवाखान्याच्या बाकावर बसूनच मी एका मोबाईल अ‍ॅपवरून ३० दिवसांसाठी १५,००० रुपये घेतले. पैसे पाच मिनिटांत आले, हे मान्य करायला हवे. मात्र प्रक्रिया शुल्क व जीएसटीचे २,१२४ रुपये आधीच कापून हातात १२,८७६ पडले आणि व्याज पूर्ण १५,००० वर लागले: रोज १ टक्का, म्हणजे वर्षाला ३६५ टक्के. पगारातून एकरकमी १९,५०० देणे शक्य नसल्याने मी चार वेळा ४,५०० रुपये भरून मुदत वाढवली, तरी मुद्दल एक रुपयाने हलले नाही.

त्याहून वाईट वसुली. सकाळी सातला साताऱ्याच्या मेहुण्यांना फोन गेला. त्यांचा नंबर माझ्या फोनमधूनच उचललेला होता. वास्तविक सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे आणि २०२२ पासूनच्या नियमांनुसार अ‍ॅपला संपर्कयादी वाचण्याची परवानगी नाही.

शेवटी सहकाऱ्याने जामीन राहून पतसंस्थेचे कर्ज मिळवून दिले. अशी वेळ आल्यास आधी पतसंस्थेत विचारा. त्रास झाल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.