मॉस्कोचं 9 मेचं विजय संचलन: रेड स्क्वेअरचा हट्ट सोडा, त्वेरस्काया गाठा

दिल्लीतल्या 26 जानेवारीच्या संचलनाचं तिकीट विकत मिळतं. नाझी जर्मनीवरच्या विजयाच्या स्मरणार्थ मॉस्कोत होणाऱ्या संचलनाला तशी सोय नाही. 9 मेला रेड स्क्वेअरवरच्या गॅलऱ्यांत फक्त निमंत्रित बसतात, त्यामुळे ‘पास काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. सामान्य प्रेक्षकाचं संचलन त्वेरस्काया रस्त्यावर असतं, आणि रणगाडे पाहायचे असतील तर आमच्या मते तीच जागा सरस आहे.

वाहनांचा ताफा सादोवाया वर्तुळ रस्त्याने येऊन त्वेरस्कायाला जोडून असलेल्या ‘पहिली त्वेरस्काया-याम्स्काया’ या रस्त्यावर थांबतो आणि वेळ झाली की रेड स्क्वेअरकडे सुटतो. सगळ्यात पुढे टी-34, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत रणगाडा. त्याचं बारा सिलिंडरचं डिझेल इंजिन चालू झालं की आधी धुराचा वास येतो, मग चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांचा खडखडाट पायाखालून जाणवतो. टीव्हीवर यातलं काहीच पोचत नाही. मागच्या नव्या रणगाड्यांचा आवाज वेगळा लागतो, कारण डांबर उखडू नये म्हणून त्यांच्या पट्ट्यांना रबरी पॅड लावलेले असतात.  टी-34सारखं ऐंशी वर्षांपूर्वीचं यंत्र स्वतःच्या इंजिनावर चालताना पाहणं, यासाठी एवढा प्रवास सार्थकी लागतो.

शक्य असेल तर मुख्य दिवसापेक्षा सराव गाठा. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळचे सराव होतात, आणि 9 मेच्या दोन-चार दिवस आधी सकाळी रंगीत तालीम. ताफा जवळपास तोच आणि गर्दी कमी. 9 मेलाच जायचं तर ओखोत्नी र्याद, तेआत्रालनाया आणि प्लोश्चाद रेवोल्युत्सी या मेट्रो स्थानकांतून बाहेर पडता येत नाही. बेलोरुस्कायाला उतरा आणि दोन तास आधी कठड्याजवळची जागा धरा. परतीचा ताफा नोवी अरबातवरून जातो. तो रस्ता रुंद असल्याने लहान मुलं बरोबर असतील तर तिथेच थांबा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, 2025 मध्ये त्या दिवसांत मोबाइल इंटरनेट बंद पडत होतं. भारतातली व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं तिथे चालत नाहीत, रोख लागते. आणि मे महिना आहे म्हणून सुती शर्टावर जाऊ नका, 2024 मध्ये संचलनाच्या दिवशी बर्फ भुरभुरत होता.

संचलनावरून उडणाऱ्या हवाई दलाच्या विमानांच्या भरवशावर मात्र बेत आखू नका. 24 जून 1945 च्या पहिल्या विजय संचलनातही पावसामुळे विमानं उडाली नव्हती. 2017, 2019 आणि 2022 मध्येही हवामानाचं कारण देऊन उड्डाण रद्द झालं. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर ताफाही आटला. 2023 मध्ये रणगाडा म्हणून एकच टी-34 होता. तुम्ही जाणार त्या वर्षी काय असणार हे जाहीर होईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे 2.7 कोटी सोव्हिएत माणसं मेली. कडेला छातीवर पदकं लावून उभ्या असलेल्या वृद्धांना अनोळखी लोक लाल कार्नेशनची फुलं देतात. त्यांचे फोटो विचारूनच काढा.

पायदळाचं संचलन रेड स्क्वेअरवर होतं, ते टीव्हीवरच पाहा. मॉस्कोत सकाळचे 10, म्हणजे आपल्याकडे दुपारचे 12.30. 2015 आणि 2020 मध्ये भारतीय तुकडीही तिथे चालली होती (कोविडमुळे 2020 चं संचलन 24 जूनला झालं). रेड स्क्वेअरवर दगडी फरसबंदी आहे, तिच्यावर ओळ सरळ ठेवणं डांबरापेक्षा अवघड. सगळ्यांच्या माना उजवीकडे, लेनिनच्या समाधीकडे वळतात. उजव्या टोकाचा सैनिक मात्र समोरच बघत असतो. नजर त्याच्यावर ठेवा, सगळी ओळ त्याच्याच पावलावर चाललेली दिसेल.