वेळ अचूक, पण विंडो अर्धी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी दिवाणजी आहे. हिशेबाबरोबर निर्यातीचे कागदही माझ्याकडेच असतात. गिऱ्हाईक दुबई, लंडन आणि न्यूयॉर्कचं. सौदे सुरू झाले की मान वर करायला सवड नसते, म्हणून तिन्ही गावांची वेळ समोर दिसावी यासाठी कॉम्प्युटरवर हे घड्याळ टाकून घेतलं. त्याला सहा वर्षं झाली.

वेळेबद्दल तक्रार नाही. दुबई आपल्यामागं कायम दीड तास, तिथं काही बदलत नाही. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेदहा, मग साडेनऊ. शिवाय अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं जातात आणि लंडनची शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत माणसाचा हमखास गोंधळ उडतो, याचा कधीच उडाला नाही.

दुखणं विंडोचं आहे. माझी नजर आता कमी झाली, म्हणून स्क्रीनवरची अक्षरं 125 टक्क्यांवर ठेवतो. तेव्हापासून शेवटची ओळ आणि ‘जतन करा’चं बटण टास्कबारखाली जातं. कड धरून विंडो लहान करावी तर ती हलत नाही, आणि यादीला स्क्रोलही नाही. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणाऱ्या भाच्यानं कागदावर मांडून दाखवलं. माझी स्क्रीन 1366 बाय 768 ची. 768 ला सव्वानं भागलं की 614 उरतात. या विंडोची उंची 640 ला बांधून टाकलेली. ‘‘मामा, तुमचं काही चुकत नाही, तिला जागाच पुरत नाही,’’ म्हणाला.

त्यानंच एक तोड सांगितली. ऑल्ट आणि स्पेस दाबायचं, मग एम, मग वरचा बाण. विंडो वर सरकते, तळ दिसतो. पण दुसऱ्या दिवशी उघडली की पुन्हा तेच.

मराठीतून वापरलं तर आणखी एक. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं धरली आहे. ‘न्यूयॉर्क’वरचा चंद्र आणि रफार वरून कापले जातात, ‘दुबई’चा उकार खालून. आपल्या लिपीला वर-खाली जागा लागते, हे करणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

गेल्या मार्चमध्ये घाईत ती तोड करायची राहिली. न्यूयॉर्कची ओळ झाकलेली, म्हणून मनातच साडेदहा तास वजा केले आणि रात्री साडेआठला फोन लावला. तिथं दहाऐवजी अकरा वाजले होते. साहेब मीटिंगला निघून गेलेले. कंटेनरच्या कागदांना होकार दुसऱ्या दिवशी मिळाला, आणि शेठना ते सांगताना मला फार लागलं. इतक्या वर्षांत वेळेवरून मला कोणी बोललं नव्हतं.

कंपनीला तीनदा लिहिलं, स्क्रीनचे फोटोही पाठवले. दरवेळी उत्तर एकच, ‘नोंद घेतली आहे’. त्यानंतर अपडेट आले ते नव्या रंगांचे, गजराच्या नव्या सुरांचे. यादीला स्क्रोल द्या आणि कड ओढू द्या, एवढंच माझं मागणं आहे.

मोठा मॉनिटर असेल आणि अक्षरं 100 टक्क्यांवर चालत असतील तर खुशाल घ्या. छोटा लॅपटॉप आणि चष्म्याचा नंबर वाढलेला असेल तर घेऊ नका. माझ्याकडून पाचपैकी दोन तारे, दोन्ही अचूक वेळेचे. विंडो दुरुस्त झाली तर उरलेले तीन त्याच दिवशी देईन.