शहीद स्मारक यात्रेच्या नावाखाली १,३७,१०० रुपयांना गंडा: कोल्हापूरकरांनो, सावध राहा

एक लाख सदतीस हजार शंभर रुपये. एवढे आमचे गेले. "चोरी कुठं झालीय काकू, तुम्ही तर स्वतःच्या हातानं दिलेत," असं पोलीस ठाण्यातला माणूस तोंडावर म्हणाला. हातानं दिले हे खरं. पण काय दाखवून आणि काय सांगून घेतले, हे ऐकायला त्याला वेळ नव्हता. म्हणून इथे सगळं लिहिते आहे. लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा, कारण हे लोक आता दुसऱ्या गावात दुसऱ्या नावानं दुकान मांडणार.

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीच्या काळात हे पलटणीत, मी इकडे शाळा, मुलं आणि सासू-सासरे सांभाळत. दोघांनी मिळून फिरणं असं कधी झालंच नाही. निवृत्तीनंतर ती हौस भागवायची ठरवली. इतर लोक चारधाम करतात, आम्ही स्मारकं केली. बेळगावचं सेंटर, पुण्याचं युद्ध स्मारक, तिकडे राजस्थानात लोंगेवाला. हे फोटो काढत नाहीत. कोरलेली नावं एकेक करून वाचत जातात, आणि मी मागे पाण्याची बाटली आणि गोळ्यांचा डबा घेऊन उभी असते.

दिल्ली राहिली होती. ह्यांचा पलटणीतला जिवाभावाचा मित्र शांतिसेनेत असताना श्रीलंकेत पडला. १९८७ ते १९९० आपली फौज तिकडे होती, हजारावर जवान परत आले नाहीत. त्यांचं स्मारक श्रीलंकेनं आधी उभारलं. आपल्या राजधानीत त्यांची नावं लागायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडलं, राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं तेव्हा. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्या जवानांची नावं सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. त्या मित्राचं नाव हातानं चाचपून बघायचं, एवढीच ह्यांची इच्छा. मध्ये कोरोना आला, मग ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसले, मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. जायचं म्हणेपर्यंत दर वर्षी काहीतरी निघायचं.

हे सगळं त्या माणसाला माहीत होतं, कारण आम्हीच सांगितलं होतं. माजी सैनिकांच्या एका घरगुती कार्यक्रमात तो आला होता. तिशीतला, भगवा फेटा, छातीवर तिरंग्याचा बिल्ला. प्रत्येकाच्या पाया पडला. "साहेब, तुमच्यासारख्यांची सेवा करायला मिळती हेच आमचं भाग्य," असं म्हणत त्यानं पत्रकं वाटली: दिल्लीचं युद्ध स्मारक, लेह आणि २६ जुलैला कारगिल विजय दिनी द्रासचं कारगिल स्मारक. माणशी ६५,०००, माजी सैनिक आणि पत्नीसाठी ५८,५००. आमच्याआधी पाच-सहा जोडप्यांनी नावं दिली होती. त्यातले दोघे ह्यांच्या ओळखीचे. अशा वेळी कोण संशय घेणार, सांगा. शाहूपुरीत त्याचं ऑफिस होतं. काचेचा दरवाजा, भिंतीवर कारगिलच्या तोलोलिंग शिखराचा मोठा फोटो, पावतीपुस्तक, शिक्का, जीएसटी नंबर, सगळं.

२१,००० रोख दिले. पावती मिळाली. राहिलेले ९६,००० यूपीआयनं द्यायचे होते. त्यानं टेबलावरचा क्यूआर कोड पुढे सरकवला. मी स्कॅन केला तर स्क्रीनवर यात्रा कंपनीचं नाव नाही, कुणातरी बाईचं नाव, आडनावही भलतंच. मी विचारलं. विचारलं नाही असं नाही! तो लगेच म्हणाला, "काकू, चालू खात्याचं लिमिट आज संपलं, हे आमच्या पार्टनरच्या मिसेसचं खातं, पावती कंपनीचीच देतो की." आणि पावती कंपनीचीच दिली. ज्या कंपनीच्या नावाची पावती, त्याच कंपनीच्या खात्यात पैसे गेले पाहिजेत. दुसरं नाव दिसलं की तिथेच फोन खाली ठेवा आणि उठा. समोरचा कितीही पाया पडू दे.

त्याच बैठकीत ह्यांनी कार्यक्रमपत्रिका वाचली. दिल्लीहून विमानानं सकाळी लेहला उतरायचं, दुपारी स्थळदर्शन, दुसऱ्या दिवशी खारदुंगला. लेह साडेअकरा हजार फुटांवर, खारदुंगला साडेसतरा हजारांवर. हे म्हणाले, "अरे बाबा, आम्ही तरणीबांड पोरं होतो तरी विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आम्हाला पहिल्या टप्प्यावर सहा दिवस थांबवायचे, मग पुढच्याला चार, त्याच्या पुढच्याला आणखी चार. ही म्हातारी माणसं तू एका दिवसात वर नेणार?" तो हसला. "साहेब, तो काळ गेला. आता गाडीतच ऑक्सिजन असतो." ज्येष्ठांना लडाखला नेणारा कुठलाही खरा माणूस असं बोलणार नाही. लेहला उतरल्यावर किमान दोन दिवस पूर्ण विश्रांती, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्याला माहीत नव्हतं, कारण त्याला कुणाला कुठे न्यायचंच नव्हतं.

पण माझा जीव खरा जळतो तो त्यानंतरच्या कागदावर. 'वैद्यकीय तंदुरुस्ती दाखला' म्हणून त्यानं माणशी ७५० घेतले, म्हणजे १,५००. डॉक्टर घरी येतील म्हणाला. कुणी आलं नाही. दोन दाखले व्हॉट्सअॅपवर आले. मी चष्मा लावून वाचले. ह्यांचा रक्तदाब १२०/८०, नाडी ७२. माझा रक्तदाब १२०/८०, नाडी ७२. खाली गोल शिक्का आणि वाचता न येणारी सही. ज्या माणसाला दोन स्टेंट, साखर आणि सकाळ-संध्याकाळ बीपीच्या गोळ्या, त्याचा आणि माझा आकडा तंतोतंत सारखा! तो कागद माझ्या हातात होता. मी ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "फॉर्मॅलिटी असेल." रोज पहाटे उठून रंकाळ्याला फेऱ्या मारत होते हो, दम वाढावा म्हणून. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून माझ्याच्यानं पुढे बोलवेना. त्यानंतर आम्ही आणखी १८,६०० भरले: विमा, ऑक्सिजन आणि सोबतचा डॉक्टर यांचे माणशी ६,८००, आणि द्रासच्या २६ जुलैच्या कार्यक्रमाच्या 'व्हीआयपी पास'चे माणशी २,५००. त्या दिवशी तो दाखला फेकून थेट बँकेत गेलो असतो तर निदान हे १८,६०० तरी वाचले असते.

तो पास शुद्ध थाप होती. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात प्रवेश मोफत आहे. द्रासचा कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम सैन्याचा असतो, त्याची तिकिटं शाहूपुरीत विकायला कुणी ठेवत नाही. विम्याचंही तेच. पॉलिसी नंबर मागा आणि विमा कंपनीला स्वतः फोन करून विचारा. आम्हाला नुसतं रंगीत कार्ड मिळालं होतं.

तुम्ही म्हणाल, तिकिटं बघितली नाहीत का? बघितली. पीएनआर आला होता, पुण्यातल्या मुलानं विमान कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, दोघांची नावं दिसली. त्यावर आम्ही निर्धास्त. ह्या लोकांची हीच युक्ती आहे. परतावा मिळणारी तिकिटं काढायची, पीएनआर पाठवायचा, चार दिवसांनी रद्द करायची. परतावा एजंटच्या खात्यात जमा होतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही, कारण बुकिंगला मोबाइल नंबर आणि ईमेल त्याचाच असतो. तिकिटावर तुमचा नंबर घालायला लावा. आठवड्यातून एकदा पीएनआर पुन्हा तपासा. निघायच्या दोन दिवस आधी मुलानं सहज पाहिलं तर बुकिंग रद्द. फोन बंद. ऑफिसला कुलूप. इमारतीचा मालक म्हणाला, अकरा महिन्यांचा करार होता, त्याचंही भाडं थकलंय. बाहेरच्या पायऱ्यांवर आणखी दोन जोडपी बसली होती, बॅगा भरून झालेली. ह्यांनी काही न बोलता खिशातली गोळी काढून जिभेखाली ठेवली. त्या रात्री साखर ३१० झाली होती.

आता सरकारी दरबारचं ऐका.

पहिल्या ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही ओटीपी कुणाला दिला नाही, पिन स्वतः टाकलाय, ही सायबर फसवणूक नाही, ठाण्यात जा. परत ठाण्यात आलो तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या वेळी साहेब भेटले, "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." अर्ज लिहून दिला, तर पोच द्यायला तयार नाहीत. जिना दोन मजल्यांचा, लिफ्ट बंद, आणि दोन स्टेंटचा माणूस प्रत्येक वेळी कठडा धरून चढतोय. बाकावर बसा असंसुद्धा कुणी म्हणालं नाही. एक पोरगेला शिपाई म्हणाला, "आजोबा, ह्या वयात लडाखला कशाला जायचं?" अठ्ठावीस वर्षं वर्दी घातलेल्या माणसाला हा प्रश्न! माझ्या हाताला कंप सुटला होता. बँकेत गेलो तर मॅनेजरनं पासबुकावर बोट ठेवून सांगितलं, व्यवहार तुमच्या संमतीचा आहे, आम्ही काही करू शकत नाही. ज्या बाईच्या नावावर ९६,००० गेले तिचं खातं कोणत्या गावचं, एवढं तरी सांगा म्हटलं तर "गोपनीय." चोराची गोपनीयता सांभाळतात आणि आमचा आधार, पेन्शनचा पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड त्या चोराकडे पडलंय, त्याचं कुणाला काही नाही. निवडणुका आल्या की माजी सैनिकांचे सत्कार करणारे आमच्याकडे नारळ-शाल घेऊन येतात. त्यातल्या एकाला फोन केला. "बघतो" म्हणाला. अजून बघतोय.

आणि त्या कागदांमुळे दुसरा हल्ला झालाच. महिन्याभरात फोन आला: "सुभेदारसाहेब, तुमचा जीवन दाखला स्पर्शला, पेन्शनच्या पोर्टलला, दिसत नाही, पेन्शन थांबणार, ओटीपी सांगा." पीपीओ नंबर तोंडपाठ सांगत होता. ह्यांनी फोन आपटला, पण त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी कदाचित ओटीपी सांगितला असता. सहलीसाठी पीपीओची किंवा दवाखान्याच्या कागदांची प्रत कुणालाही देऊ नका. ओळखीसाठी आधार पुरतो, तोही क्रमांक झाकलेला. प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उशीर करू नका. पैसे समोरच्या खात्यात असतील तोवरच गोठवता येतात. आम्हाला कळलं तेव्हा खातं रिकामं झालं होतं. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे मला एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, दिवाणी मामला म्हणून हाकलून देतील तर हे कलम तोंडावर सांगा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील लागतोच असं नाही, आणि तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. जीएसटी नंबर सरकारी साइटवर फुकट तपासता येतो. आमच्या पावतीवरचा नंबर सांगलीच्या एका पाइपच्या दुकानाचा निघाला.

आजारी माणसांना एक वेगळं सांगते. दाखला तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरकडूनच घ्या. माजी सैनिकांनी ईसीएचएसच्या, म्हणजे आपल्या आरोग्य योजनेच्या, पॉलीक्लिनिकमध्ये विचारावं. आमच्या तिथल्या डॉक्टरांना मी नंतर सगळं दाखवलं तेव्हा ते चिडलेच. "काकू, बरं झालं गेला नाहीत, पैसे गेले तरी चालतील," म्हणाले. लेहला थेट विमानानं नको, द्रासला जायचंच तर श्रीनगर, सोनमर्ग असं मुक्काम करत, आणि तेही स्टेंट नीट आहेत हे तपासून. दिल्लीला मात्र काही हरकत नाही म्हणाले. थंडी पडायच्या आधी आम्ही कोल्हापूरहून सुटणाऱ्या निजामुद्दीनच्या साप्ताहिक गाडीनं जातोय, स्वतः आरक्षण करून. ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० पासून बंद आहे, पूर्ण भाडं भरलं.

पैसे दिलेल्या बाकीच्या जोडप्यांना आम्ही शोधतोय. बरेच जण लाजेनं बोलत नाहीत, मुलांनासुद्धा सांगितलेलं नाही. लाज त्या माणसाला वाटली पाहिजे, तुम्हाला नाही. एकेकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, पंधरा जणांचा एकत्र आला तर घ्यावाच लागेल. तुमची पावती, यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट ज्यात त्या बाईचं नाव आणि व्यवहार क्रमांक दिसतो, आणि तो १२०/८० वाला दाखला, एवढं जपून ठेवा, मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. ग्राहक आयोगातला आमचा अर्ज तयार आहे, त्यात तुमची नावं घालायची आहेत.